सगळ्यांच्या मागची गाडी

शनिवारी दुपारी निवृत्त शिक्षिकाबाई आपला नवा चष्मा परत करायला दुकानात आल्या. तक्रार अशी की या चष्म्यातून घर घाण दिसतं.

"आधी कसं सगळं स्वच्छ होतं," त्या म्हणाल्या. "आता बघावं त्या कोपऱ्यात जळमटं. सुनेला बोलले तर म्हणते, जळमटं पहिल्यापासून आहेत, तुम्हाला नजर आत्ता आली."

बाबांनी चष्मा हातात घेतला, काड्या उघडून-मिटून पाहिल्या, भिंग उजेडाकडे धरलं. "नंबर थोडा उतरवून देऊ का? घर पुन्हा लख्ख होईल."

"आणि सून?"

"तीही बरी दिसायला लागेल."

बाई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले, आणि पुसून झाल्यावर त्यांनी बाबांच्या हातून तोच चष्मा घेऊन पुन्हा घातला. काडी कानामागे जरा रुतते एवढंच काय ते खरं निघालं. बाबा म्हणाले, ठेवून जा, सोमवारी या, काडी वाकवून ठेवतो.

काचेच्या कपाटामागच्या टेबलाशी त्यांची मुलगी प्रुफं तपासत बसली होती. तिला छापखान्याकडून काम यायचं आणि ते ती दुकानातच बसून करायची. घरी शांतता होती, पण दुकानात बाबा होते. तिने मान वर केली नाही, नुसती हसली. बाबांचे असले विनोद ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. ते ऐकायला कान द्यावे लागत नाहीत. घरातल्या घड्याळासारखे ते चालूच असतात.

थोड्या वेळाने समोरच्या दुकानातून टेलरकाका आले. गळ्यात टेप, ओठांत टाचणी, हातात बाबांचं चामडी जाकीट.

"घे. चेन बदलली. पण पोट बदलता येत नाही मला."

"पोट तेच आहे. जाकीट आटलंय."

"चामडं आटत नाही, भिंग्या. माणूस सुटतो." टेलरकाकांनी टाचणी काढून टेपला टोचली. बाबांना भिंग्या म्हणायची परवानगी जगात चार-पाच माणसांनाच होती. "बरं, पुढारी म्हणतोय, या वर्षी वरच्या रस्त्याने जाऊ. वळणं जास्त आहेत, पण ट्रक नाहीत."

"पुढारी म्हणेल तिकडे. मला काय, मला तुमच्या पाठी बघायच्यात."

हे दर वर्षीचं होतं. डोंगर हिरवे झाले, हवा उघडली, की ही मित्रमंडळी मोटारसायकली काढायची आणि घाट चढून पलीकडच्या चहाच्या मळ्यांपर्यंत जायची. सगळ्यांत पुढे छापखानेवाले काका. त्यांना रस्ते पाठ, म्हणून नाव पडलं पुढारी. मध्ये दाताचे डॉक्टर, टेलरकाका आणि आणखी दोघं-चौघं. आणि सगळ्यांच्या मागे बाबा.

संध्याकाळी दुकानामागच्या बोळात बाबांनी गाडीचा प्लग काढून घासला, परत बसवला, किक मारली. गाडी खोकली, रुसली आणि मग लागली. मुलगी पायरीवर बसून बघत होती.

"येतेस का या वर्षी?" त्यांनी विचारलं.

"बघू. प्रुफं किती येतात त्यावर आहे."

"बघ मग." त्यांनी चिंधीला हात पुसले. एवढंच बोलणं झालं. शटर ओढलं, घरी गेले, जेवले. आईने विचारलं, भात वाढू का? ते म्हणाले, टेलर म्हणतोय पोट सुटलं, अर्धाच वाढ. मग पूर्ण खाल्ला.

सकाळी आई चहा घेऊन त्यांना उठवायला गेली. ते उठले नाहीत.

*

सोमवारी दुकान बंद होतं. त्यानंतरही काही दिवस बंदच राहिलं. मग एके दिवशी तिने शटर वर केलं, आणि पहिल्याच शिक्षिकाबाई आल्या. त्या लेकीकडे गावाला गेल्या होत्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"काडी झाली का गं वाकवून? आहेत कुठे?"

तिने तोंड उघडलं. रोज शेकडो शब्दांवरून तिची नजर फिरायची. चुकलेला शब्द तिला न वाचताही दिसायचा. पण तिथे उभ्या असलेल्या बाईंना सांगायला तिच्याजवळ एक शब्द सापडेना.

"आज नाहीत," ती म्हणाली.

"बरं, उद्या येते."

"या."

बोलून गेली खरी, आणि मग तेच वळण पडलं. फोन वाजायचा; ती सांगायची, आत्ता नाहीत. कोणी फ्रेम घेऊन यायचं. ती ठेवून घ्यायची आणि म्हणायची, बघतील. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. घरी जेव्हा माणसांची रीघ लागली होती, तेव्हा सांगायचं काम आईने, मामाने, टेलरकाकांनी केलं होतं. तिच्यावर वेळच आली नव्हती. आता आली, तर जीभ टाळ्याला चिकटायची. 'वारले' हा काय अवघड शब्द आहे? तिने तो किती प्रुफांत पाहिला होता. लोकांच्या वडलांबद्दल.

ही गोष्ट आईला कळली ती शिक्षिकाबाईंकडूनच. त्या चौथ्यांदा आल्या तेव्हा दुकानात आई होती. बाई म्हणाल्या, अहो, मी रोज फेऱ्या मारतेय, हे असतात कुठे? आई खुर्चीवर बसली. मग तिने बाईंना बसवलं, त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं. बाई चष्म्याशिवायच रडल्या. चष्मा ड्रॉवरमध्ये होता, काडी न वाकवलेला.

त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "लोकांना असं ताटकळत ठेवू नये, बाळा. म्हातारं माणूस ते."

"मी सांगणार होते."

"केव्हा?"

आईने ताट सारलं. "मला नको सांगूस. मला माहीत आहे. पण कोणाला तरी सांग. तोंडातून काढल्याशिवाय ते तुझ्या आत जायचं नाही."

*

पुढाऱ्यांनी या वर्षीचा बेत रद्द करायचं ठरवलं होतं. ते सांगायला म्हणून मंडळी घरी आली आणि सोफ्यावर दाटीवाटीने बसली. सगळी पांढऱ्या केसांची, शाळेत उशिरा आलेल्या मुलांसारखी.

"रद्द कशाला?" आई म्हणाली. "तो काय तुम्हाला जाऊ नका म्हणाला असता?"

"तसं नाही, वहिनी," डॉक्टर म्हणाले. "पण मागे कोण राहणार? मागचा माणूस म्हणजे काय कोणीही नसतो. मला ठेवलंत तर सगळे हरवाल."

"तुला मागे ठेवायला आम्ही काय जिवावर उदार झालोय?" टेलरकाका म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत कोणीतरी हसलं.

डॉक्टरांच्या एका चुकीवर तर या मंडळींचा सगळा कायदा उभा होता. फार वर्षांपूर्वी, ती अजून शाळेत जायच्या वयाची होती तेव्हाची गोष्ट. नियम तेव्हाही हाच होता: रस्त्याला फाटा फुटला की पुढाऱ्यांच्या लगेच मागे जो असेल त्याने तिथे थांबायचं, मागून येणाऱ्या प्रत्येकाला हाताने रस्ता दाखवायचा, आणि सगळ्यांत मागची गाडी आली की तिच्या पुढे लागून निघायचं. पुढच्या फाट्यावर दुसरा कोणीतरी थांबेल. नकाशा नको, फोन नको; रस्ता फक्त पुढाऱ्याला ठाऊक, आणि तरी कोणी चुकत नाही. त्या दिवशी फाट्यावर डॉक्टर होते. त्यांना चहाची तलफ आली. पलीकडे टपरी दिसली. म्हणाले, दोन मिनिटांत येतो. तेवढ्यात बाबा आले, फाट्यावर कोणी नाही असं पाहून सरळ गेले, आणि एका दगडाच्या खाणीत जाऊन पोचले. तिथल्या मुकादमाने त्यांना सुरुंगवाले समजून आत घेतलं. हा किस्सा बाबा दर वर्षी नव्याने सांगायचे आणि दर वर्षी खाण थोडी खोल व्हायची. तेव्हापासून मंडळींनी कानाला खडा लावला: मागची गाडी डोळ्यांनी दिसेपर्यंत फाटा सोडायचा नाही. आभाळ कोसळलं तरी.

त्या मागच्या गाडीवर तीही असायची. आधी बाबांच्या पुढ्यात, टाकीवर. मग पाठीमागे, आईच्या ओढणीने त्यांच्या कमरेला बांधलेली, झोप लागली तर पडू नये म्हणून. टेलरकाकांनी तिला लाल कापडाचं जाकीट शिवून दिलं होतं. मागून येणाऱ्या ट्रकला दिसावं म्हणून. त्यावरून मंडळी तिला दिवा म्हणायची. "दिवाबाई, लागलाय का आज?" असं विचारल्याशिवाय कोणी निघायचं नाही.

मागच्या गाडीवरून जग वेगळं दिसतं. पुढचा डोंगर बाबांच्या पाठीआड असायचा. तिला दिसायचं ते सोडून आलेलं. खाली खाली जाणारा रस्ता, त्यावर अजून न बसलेली धूळ, चहाच्या ओळींतून कंबर ताठ करून पाहणाऱ्या बायका. आणि वळणावर गाडी कलली की पुढच्या सगळ्यांच्या पाठी ओळीने दिसायच्या, दोऱ्यात ओवल्यासारख्या. बाबा गाडी चालवताना सतत बोलायचे. वारा अर्धं घेऊन जायचा. उरलेल्या अर्ध्यावर ती हो-हो करायची. एकदा तिने विचारलं होतं, "तुम्हाला पुढे जावंसं नाही वाटत?"

"पुढच्याला नुसता रस्ता दिसतो," असं काहीतरी ते म्हणाले होते. पुढचं वाऱ्याने नेलं.

मोठी झाल्यावर तिला गाडी त्यांनीच शिकवली, त्याच बोळात. गेल्या वर्षी अर्धा घाट तिने गाडी चढवली होती, आणि बाबा मागे बसून तिच्या कानात ओरडत होते, गिअर, गिअर! आता त्या दाटीवाटीच्या खोलीत ती म्हणाली, "मागे मी राहते."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मला काय विचारता? गाडी लागते का ते बघा आधी."

*

गाडी लागली. खोकली, रुसली, पण लागली.

पहाटे निघाले. सपाटीवर तिला भीती वाटली नाही. घाट सुरू झाला तशी हवा बदलली, ओल्या पाल्याचा वास आला आणि कानात दडे बसायला लागले. ती गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवून चढत होती. आरशात रिकामा रस्ता होता. लहानपणी मान वळवून बघायची तोच रस्ता, पण आता तो हाताएवढ्या काचेत मावत होता. पुढे पाठी होत्या: डॉक्टरांची रुंद, टेलरकाकांची काटकुळी, एका बाजूला झुकलेली, जन्मभर मशीनवर वाकल्याने. ती त्या मोजत नव्हती, नुसती बघत होती. बाबांना एवढं काय दिसायचं यात, असं तिला वाटायचं. आता थोडं दिसायला लागलं होतं. कोण दमलाय ते पाठीवर कळतं. कोण गाणं म्हणतोय तेही.

पहिल्या फाट्यावर डॉक्टर थांबले होते. तिला पाहून त्यांनी दोन्ही हात वर केले. "बघ, हललो नाही! चहाची टपरी समोर आहे, तरी हललो नाही!" तिने गाडी सावकाश केली, ते पुढे लागले, ती मागे. दुसऱ्या फाट्यावरही तसंच. काम सोपं होतं. तिला बरं वाटायला लागलं होतं, आणि बरं वाटतंय याचं वाईटही.

वरच्या फाट्याशी धुकं होतं. एक रस्ता मळ्यांकडे वर जात होता, एक खाली दरीत. मैलाच्या दगडाशी टेलरकाका उभे होते, गाडी स्टँडवर, गळ्यात टेपऐवजी मफलर. ती आली. त्यांनी हात लांब करून वरचा रस्ता दाखवला, जसा मधल्या सगळ्यांना दाखवतात तसा. ती थांबली.

"काका, चला ना."

"तू हो पुढे, दिवाबाई. आलोच."

काकांना गाडीचं काही बघायचं असेल, किंवा आडोशाला जायचं असेल. वडीलधाऱ्या माणसाला का म्हणून विचारणं बरं दिसत नाही. तिने पहिला गिअर टाकला आणि गेली.

माथ्यावर टपरी होती. गाड्या ओळीने लावून मंडळी बाकांवर बसली होती, हेल्मेटं मांडीवर. पुढाऱ्यांनी चहा सांगितला. पेले आले. एक पेला उरला.

"टेलर कुठाय?" पुढारी म्हणाले.

"येतायत मागून," ती म्हणाली.

"मागून म्हणजे?"

"मला म्हणाले, तू हो पुढे."

डॉक्टर म्हणाले, "या वेळी माझ्यावर काही नाही हं, आधीच सांगतो." मग त्यांचा पेला ओठापर्यंत गेलाच नाही. पुढाऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग खाली धुक्यात. बराच वेळ कोणी आलं नाही. इंजिनाचा आवाजही नाही.

"शेवटी तू होतीस ना?" पुढाऱ्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"मग तो तिथे थांबून कोणाची वाट बघतोय?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच देववत नव्हतं. उरलेल्या पेल्यावर साय धरली. डॉक्टर उठायला लागले, तशी ती म्हणाली, "मी जाते. मागची मी आहे."

"एकटी उतरशील?"

"उतरेन."

उतरताना गाडी अंगावर येते. ती ब्रेक धरून-सोडून खाली गेली. धुक्यात आधी मैलाचा दगड दिसला, मग मफलर. टेलरकाका अजून तिथेच होते. तिच्याकडे पाठ, तोंड आलेल्या रस्त्याकडे. चष्मा काढून ते मफलरने पुसत होते, पुन्हा घालत होते, पुन्हा बघत होते. गाडीचा आवाज वरून आला म्हणून त्यांनी मानही वळवली नाही.

"परत कशाला फिरलात रे?" ते म्हणाले. "येईल तो. धुक्यात सावकाशच चालवतो, माहीत आहे ना. प्लगने काजळी धरली असेल."

तिने गाडी बंद केली. एकदम सगळीकडे शांत झालं. पानांवरून पाणी टपकत होतं तेवढाच आवाज.

"काका, मी आहे."

टेलरकाकांनी वळून पाहिलं. तिच्या गाडीकडे पाहिलं. त्या टाकीवरचा पोचा त्यांना कितीतरी वर्षं ओळखीचा होता. मग ते मैलाच्या दगडावर बसले, कोणीतरी धरून बसवल्यासारखे.

"अगं," ते म्हणाले. "अगं, हो की."

ती त्यांच्या शेजारी उकिडवी बसली.

"मी होतो गं तिथे," ते म्हणाले. "सगळं माझ्या हाताने केलं. अंगावरचा कोट मीच घातला त्याला, बटणं मीच लावली. मला काय माहीत नाही होय? पण तू आलीस तेव्हा मला वाटलं, ही आली, आता हा येईल. तू नेहमी त्याच्याबरोबरच असायचीस ना. गाडी तीच. धुकं तेच. मी उभाच राहिलो. वेळ किती झाला?"

"झाला बराच."

"थंडी वाजायला लागली तेव्हा मनात आलं, कशाला थांबलोय मी? पण पाय निघेना. फाटा असा सोडायचा कसा? कोणी काही सांगितल्याशिवाय?" त्यांनी चष्मा पुन्हा काढला. "वहिनी म्हणत होत्या, तू दुकानात कोणाला सांगत नाहीस. मी म्हटलं, पोर आहे, सांगेल. आणि बघ, मीच इथे..."

ते पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले, खाली, जिथून सगळे आले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. आईने केलं होतं तसं त्यांचा हात हातात घ्यावा असं तिला वाटलं, आणि तिने घेतला. सुईने टोचून टोचून निबर झालेली बोटं, गारठलेली. हा माणूस संध्याकाळपर्यंत इथे बसेल, हे तिला स्पष्ट दिसलं. पुढाऱ्यांनी बोलावून उठणार नाही, डॉक्टरांनी ओढून उठणार नाही. उद्या दुकानात फोन वाजेल. परवा कोणी फ्रेम घेऊन येईल. आणि ही सगळी माणसं अशीच ठिकठिकाणी, दगडांवर, पायऱ्यांवर, खुर्च्यांत, चष्मा पुसत बसून राहतील.

ती सरकून त्यांच्या समोर, त्यांच्या आणि रस्त्याच्या मध्ये आली.

"काका," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाली, मोठ्याने, जणू काकांना कमी ऐकू येत होतं, "काका, बाबा वारले. झोपेतच वारले. आपण वाट बघायची नाही आता, ते यायचे नाहीत."